रसातला काढा

डायलिसिसच्या खोलीबाहेर शिंपीणबाई नवऱ्याची वाट बघत, मांडीवरच्या पँटची दुमड शिवत बसल्या होत्या. शेजारच्या दोघींचं बोलणं ऐकायचं नाही, असं ठरवूनही त्यांचे कान तिकडेच लागले होते.

“भावाला माझीच किडनी बसवली होती. दोन वर्षं छान चालली.”

“मग बिनसलं कशानं?”

“त्याला सारखी सर्दी व्हायची. म्हणून मी गुळवेलीचा काढा सुरू केला. कडू म्हणून तोंड वाकडं करायचा, तर गुपचूप संत्र्याच्या रसातून द्यायचे.”

“गुळवेल चांगलीच की हो! अंगात ताकद येते.”

“तेच तर. मागाहून डॉक्टरांना एकटीनेच जाऊन विचारलं, तर म्हणाले, तिच्यातल्या द्रव्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना चेव येतो. त्याच्या पेशी गोळ्या देऊन मुद्दाम झोपवून ठेवल्या होत्या, किडनी परकी आहे हे त्यांना कळू नये म्हणून. त्या जाग्या झाल्या आणि किडनीवरच तुटून पडल्या.”

“बाई गं! काढ्यानेच झालं?”

“त्यानेही झालं असेल, म्हणाले. दर तपासणीला विचारायचे, आणखी काही औषध घेता का? तो नाही म्हणायचा. मी शेजारीच बसलेली असायचे. मला वाटायचं, हे औषध कुठंय, आपल्या कुंडीतलं तर आहे.”

“त्याला सांगितलंत?”

“परवा माझा हात धरून रडला. म्हणाला, ताई, तू एवढं दिलंस आणि मला ते सांभाळता नाही आलं.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, असू दे रे.”