उन्हाशिवाय जगणारी झाडं

देऊळगाव राजाच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीची रांग हलायचं नाव घेत नव्हती. भावाला घ्यायला आलेली जहांआरा शेजारच्या बाकावर बसली होती. रांगेत कौतिकाबाई तेलाच्या दोन डब्यांत रोपं घेऊन उभी, आणि तिच्यासोबत शेजारची रुख्मिणी.

"मामी, घडीघडी काय पाहून राह्यल्या त्या डब्यात?" रुख्मिणीनं विचारलं.

"आळू मान टाकून राह्यला वं. जालन्याले लेकीच्या खोलीत ऊन नाही. पहिल्या पत्रात तुळस वाळली, दुसऱ्यात मोगरा गेला. म्हटलं, सावलीत जगतीन असे झाडं नेऊ. आळू, पानवेल."

"अन् तिची तब्येत?"

"ते काही नसते पत्रात. निरं झाडाचंच."

"तीच लिव्हते?"

"तिले कुठं येते? ती सांगते, जावाई लिव्हतात."

"मंग जावायासमोर ती दुसरं काय सांगन, मामी?"

गाडी आली, रांग पुढे सरकली. कौतिकाबाईनं वळून दोन्ही डबे जहांआरापुढे ठेवले.

"घेऊन जा बाई. तुमच्या आंगनात लावा."

"अन् लेकीले?" रुख्मिणीनं विचारलं.

"मले हात मोकळे पाह्यजे. येतांना तिची पेटी धरा लागन."