अण्णाची कॉफीची बाग

चहा निवायच्या आत आमच्या अण्णाचं ऐका. माझा थोरला भाऊ, गेल्या महिन्यात गेला. त्याला कॉफीचं लई वेड. दोस्तानं म्हैसूरहून भाजलेल्या बिया आणल्या होत्या. अण्णा आजारी पडल्यावर मी त्यातल्या मूठभर अंगणात, त्याच्या खाटेशेजारीच पेरल्या.

"झाडच लावतो. रोज ताजी पी."

"लाव की," अण्णा म्हणाला.

रोज पाणी घालून मी कोंब शोधत बसायचो. तो विचारायचा, "आलं का रं?"

परवा वहिनी म्हणाली, "भावजी, भाजलेलं बी उगवतं व्हय? त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग सांगितलं का न्हाय?"

"म्हणाले, सांगू नको. एरवी घरात टिकत न्हाय, तेवढाच माझ्यापाशी बसतो."

आज सकाळीही तिथं पाणी घालून आलो.