मिस्त्रीण म्हणजे मिस्त्रीची बायको नव्हे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालक, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे बँकेचे मॅनेजरसाहेब, समोर बसलेले माझे सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे दाराशी उभी राहिलेली माझी सून, सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललात की क्षणभर वाटलं, मी गेलेच की काय! साहेबांनीही मला 'मिस्त्रीणबाई' म्हटलं. इथे सगळेच म्हणतात. पण मास्तरांची बायको ती मास्तरीण, तशी मिस्त्रीची बायको ती मिस्त्रीण. आमचे हे तर शिंपी होते. फ्यूज उडाला की मेणबत्ती शोधायचे! मग इथे जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग करणारा मिस्त्री कोण? गिऱ्हाईक यायचं, मला तांब्याच्या तारेत बसलेली बघायचं आणि विचारायचं, "बाई, मिस्त्री कधी येतील?" मी म्हणायची, "बसा, आलेच आहेत." बिचारं मोटर दुरुस्त होईपर्यंत दाराकडे बघत बसायचं.

साहेब, आपल्यासारखे देश गरीब का राहतात, यावर आपण आत्ता सुरेख बोललात. भांडवल नाही, यंत्रं नाहीत. मी थोडी भर घालू? मागच्या उन्हाळ्यात पाणीपुरवठ्याच्या पंपांची मोठी ऑर्डर मालकांनी परत पाठवली. म्हणाले, "काय करणार, माणसं मिळत नाहीत." मी म्हटलं, "माझ्या सुनेला वाइंडिंग येतं की, मीच शिकवलंय. गल्लीतल्या आणखी चौघी-पाचजणींना आम्ही तयार करू." तर म्हणाले, "अहो, माणसं हवीत."

मग आम्ही कोण? ऑर्डर परगावी गेली, तिच्यामागोमाग आपले कितीतरी कामगार गेले. पंप वेळेवर बसले नाहीत, आणि माणसांत न धरलेल्या त्याच बायका उन्हाळाभर डोक्यावरून पाणी वाहत राहिल्या. निम्मे हात बांधून ठेवायचे आणि भरभराट का होत नाही म्हणून उरलेले कपाळाला लावायचे!

मला राग आलाय, आणि निरोपाचा दिवस म्हणून तो मी गिळणार नाही. माझ्यामागे वाइंडिंगचं काम बंद करणार, असं सकाळी कळलं. कारण तेच, माणसं नाहीत. माझा मुलगाही इथेच कामाला आहे, तो पहिल्या रांगेत बसलाय. काल बायकोबद्दल म्हणाला, "आई, ती कामाला लागली तर घर कोण बघणार?" अरे, मी इथे मोटरी भरत होते तेव्हा घर तो शिंपी बघत होता. त्याच्या हातचं खाऊनच एवढा वाढलास ना?

इथे निवृत्त होणाऱ्या पुरुषांना हत्यारपेटी मिळते, मला कुकर मिळाला. चांगला आहे. चिरंजीव, तो तुम्ही घ्या. माझी हत्यारं सकाळीच समोरच्या गाळ्यात पोचली आहेत. हो, गाळा मी भाड्याने घेतलाय. मालक, यापुढे ऑर्डर परत पाठवू नका, रस्त्यापलीकडे पाठवा.

सूनबाई, पुढे ये. इथे, माझ्या शेजारी.

आपण प्रेमाने बोलावलंत, ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. कामात झालं असेल तर उद्या मोटर घेऊन समोर या. फक्त तिथे बसलेल्या हिला विचारू नका, मिस्त्री कधी येतील.