प्लेटीवरचे ओरखडे

हे मी अजून कोणाजवळ बोललो नाही, बायकोजवळबी नाही. डेअरीतल्या प्लेटा मी खराब केल्या, माह्या हातानं, तारेच्या घासणीनं, अन् नाव आलं रहीमचाचाच्या दुधावर. आता तुम्ही लिहून घेऊनच राह्यले तं सगळंच सांगतो.

मी मेहकरकडच्या खेड्यातला. घरी कोरडवाहू वावर अन् म्हशी. रहीमचाचा आमच्या गावचं दूध गोळा करत. माणूस असा का कॅन उकळत्या पाण्यानं धुतल्यावरबी तोंड आत घालून वास घेत, मंगच दूध ओतू देत. आम्ही पोट्टे हसत जाओ. चाचा म्हणत, हसा बे हसा, तुमच्या आंगाले वास येते तो तुम्हाले तरी कुठं कळते. डेअरीत मले त्याईनंच चिकटवलं. साहेबाले म्हणे, कमी बोलते, पण कामाचा आहे.

तिथं मी दूध तापवायच्या मशीनवर. काय सांगू तुम्हाले, स्टीलच्या पातळ प्लेटा एकाले एक लागून, एका बाजूनं गरम पाणी, दुसऱ्या बाजूनं दूध. तापलं का दूध प्लेटीले धरते. पह्यले मऊ पांढरा थर, मंग त्यातच दुधातला खार बसते अन् दगडासारखा कडक होते. मऊ थर कास्टिक सोड्यानं निघते, खारासाठी ॲसिड फिरवा लागते. एक डाव ॲसिड संपलं, खामगावहून येणारी गाडी काही आली नाही. म्या प्लेटा खोलल्या अन् माय जशी पातेलं घासे तशा घासल्या. तार लावाची नाही हे मले शिकवलं होतं. माहीत होतं. पण प्लेटा अशा चमकल्या का मलेच बरं वाटलं.

अन् मंग दूध जास्तच धराले लागलं. दिवसभर चालणारी मशीन दुपारीच दमे, दूध पुरतं तापेना, करपट वास येई. साहेब म्हणे, कोणाचं तरी दूध आंबट येऊन राह्यलं, टेस्टात काठावर पास होत असन, आंबट दूध लवकर धरते. तेबी खरंच आहे. मले म्हणे, तू रोज पाह्यतं, कोणाचं असन? चाचाचं दूध सगळ्यात लांबून, सगळ्यात शेवटी येत जाय. मी म्हणलं, मेहकर लाईनचं असू शकते साहेब. एवढंच म्हणलं. त्या दिवशीचं चाचाचं दूध म्या चाखलेलं होतं, चांगलं गोड.

साहेबानं चाचाचं दूध घेणं थांबवलं, गावातलं त्याईचं दूध गोळा कराचं केंद्र बंद झालं. ते डेअरीत आले, दारातच उभे राह्यले, मले म्हणे, काऊन बे, तुह्या मशीनले माह्यंच दूध पचत नाही का? हसूनच म्हणले. मी खाली मान घालून नट कसत राह्यलो.

केंद्र बंद झालं तरी दूध धरतच राह्यलं. मंग बाहेरचा फिटर आला, त्यानं प्लेटीवरून नख फिरवलं. म्हणे, कोणं घासलं हे? गुळगुळीत प्लेटीवर थर बसाले वेळ लागते, धुतला का सुटते; इथं ओरखड्यात बसून राह्यते, अन् त्याच्यावर दुसरा. मी म्हणलं, माह्या आधीच्या माणसानं घासलं असन. नव्या प्लेटा आल्या, मशीन सुधरली. चाचाचं केंद्र पुन्हा उघडाचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आणून द्याले मी होतो, मी बोललो नाही.

आता मी त्याच मशीनवर मोठा ऑपरेटर. बाजाराच्या दिवशी गावी गेलो का चाचाच्या ओट्यावर बसतो. नजर गेली त्याईची, आवाजावरून ओळखतेत. परवा म्हणे, गावातल्या बाया माह्या भरवशावर दूध घालत, अन् माह्या हातून कुठं तरी कॅन धुणं राह्यलं, त्याईचं नुकसान झालं. तू तं तिथंच होता, सांग बे, नेमकं काय चुकलं माह्यं? मी म्हणलं, जाऊ द्या चाचा, जुनी गोष्ट झाली. सुनेनं चहा आणला, तो पेलो अन् उठलो.

त्याईचा राग कोणावरच नाही, स्वतःवरच आहे. अन् म्या तो तसाच राहू देला.

चाचा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं, चुकलो मी, हे त्याईच्यासमोर बसून सांगणं माह्यावर बाकी आहे.