अंगणातलं गाणं

बसच्या तिकिटाच्या रांगेत रौशनच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांच्या डोक्यावर नवी पांढरी टोपी, आजीच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या.

"उजाडता उजाडता चढायचं, कुल्पाश, आणि वाळू तापायच्या आत खाली," आजोबा आजीला म्हणाले.

"डॉक्टर म्हणाले, चढूच नका."

"हळूहळू चढेन की. एकदा ती वाळूची टेकडी वाऱ्यानं गाताना ऐकू दे, मग काही मागणार नाही."

"आधी दादाकडे जायचं. त्याचं घर पायथ्याशीच आहे."

"त्याला कळवलं नाहीस ना? मेंढी कापत बसेल."

"कालच कळवलं. कापली असेल."

"मग मी नुसता पावाचा तुकडा मोडून निघेन. तेवढ्यानं यजमानाचा मान राहतो."

"मेंढीचं डोकं तुमच्यापुढे ठेवणार आहे तो. तुम्ही वडीलधारे. तुम्ही कापून वाटल्याशिवाय कुणी घास घेणार नाही."

"म्हणजे ऊन चढेपर्यंत मी बसूनच."

"डॉक्टरांना हेच हवंय."

आजोबांनी टोपी काढली.

"राहू द्या ती. जेवण अंगणात आहे."

"अंगणात बसून ऐकू काय? तुझ्या दादाचं घोरणं?"

"टेकडीचं गाणं. वारा सुटला की थेट अंगणात येतं. लहानपणी आम्ही ते ऐकतच झोपायचो."

"इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस."

"माझ्या माहेरी चहा संपेपर्यंत तरी थांबलात कधी?"

तेवढ्यात खिडकी आली. आजोबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"दोन द्या, बाई. परतीचं नंतर बघू."