धरणातल्या गावाचं शूटिंग

बारामती-इंदापूर एस.टी.त शकुबाईच्या पुढच्या बाकावर लग्नांचं शूटिंग करणारे आप्पासाहेब आणि पुण्यात कंप्युटर शिकणारी त्यांची पुतणी रेश्मा बसली होती. वीस वर्षांपूर्वी धरणात गेलेलं गाव रेश्मानं तिथल्या म्हाताऱ्यांना दाखवायला कंप्युटरवर उभं केलं होतं, आणि त्याचं शूटिंग काकांना दाखवलं होतं. शकुबाईचंही गाव तेच. ती कान देऊन ऐकू लागली.

"गाव झ्याक झालंय. पण बघतंय कोण? घार?"

"कॅमेरा वरनं फिरवलाय, काका."

"आन् भिंतीतनं आरपार गेला तो? भूत हाय व्हय?"

"कंप्युटरातल्या कॅमेऱ्याला वजन नसतं. कुठंही जातो."

"तेच दुखणं हाय. माझा खांद्यावर असतो, म्हणून माणसागत चालतो. दारापाशी थांबतो, मग आत जातो. तुझ्या पाव्हण्याला उंबरा ठाऊकच न्हाय."

"म्हणजे म्हाताऱ्यांना आवडणार नाही?"

"आवडंल की. ज्यांनी इमानात बसून गाव सोडलं त्यांना लई आवडंल."



"मग कॅमेरा कुठं ठेवू?"

"माणसाच्या डोळ्यापाशी. आन् चालव, उडवू नको."

शकुबाईला राहवलं नाही.

"बाईच्या डोळ्यापाशी ठिव, पोरी. नदीवरनं येताना डोईवर हंडा असायचा, मान वर करता यायची न्हाय. देवळाचा कळस आमी कवा बघितलाच न्हाय. दारं दिसायची, आन् दारातली माणसं."



"आजी, जरा उभ्या राहा," रेश्मा मागं वळून म्हणाली. "तुमचे डोळे किती उंचीवर येतात, वितीनं मोजून घेते."

शकुबाईनं पदर सारखा केला आणि दांडा धरून ती ताठ उभी राहिली.