मर्जीचा मोठा शब्द

अमळनेरहून जळगावला निघालेल्या एसटीत चेलनाच्या पुढच्या सीटवर एक बाई आणि तिची कॉलेजातली लेक बसल्या होत्या. कारखान्यानं बाईला सहीसाठी दिलेला इंग्रजी कागद लेकीच्या हातात होता. चेलना हातातला फोन बाजूला ठेवून त्यांचं बोलणं ऐकू लागली.

“रेशमा, हाऊ लांब शब्द काय शे?”

“व्हॉलंटरी. म्हणजे आपल्या मर्जीनं.”

“आन् हाऊ?”

“रेझिग्नेशन, राजीनामा. तू तुन्या मर्जीनं काम सोडस, असं लिखेल शे, माय.”

“मनी मर्जी? माले कोनी इचारं?”

“पुढे लिखेल शे, नो कम्प्लेंट. तुनी काहीच तक्रार नही.”

“शांताना हात मशीनमा गया, ते मीच साहेबले सांगं. म्हनून हाऊ कागद. मुकादम म्हने, पगारना शे.”

“मंग सही करू नको. नही म्हन.”

“नहीले इंग्रजीमा काय म्हंतस?”

“नो.”

“एवढंसं? त्यासना शब्द हातभर लांब शेतस. मोठा सांग.”

“रिफ्यूज. म्हणजे मी नाकारते.”

“लिखी दे. मी गिरवस.”

“गाडी हाली राहिनी, माय. उतरल्यावर लिख.”

“नही. गेटवर हात अडखळाले नको.”

चेलनानं आपल्या डायरीचं कोरं पान उघडून डायरीच पुढे केली. बाईनं मागे वळून मान हलवली, रेशमाकडून पानावर तो शब्द लिहून घेतला आणि डायरी मांडीवर घेतली. जळगाव जवळ येईपर्यंत ती गिरवत होती.

“वाकडं झायं.”

“वाचता येस, माय.”

“मंग साहेबले वाचू दे.”